पोटात गेलेला जिवाणू आणि सासूबाई

बोईसरच्या एका कॉलेजात मी तीन वर्षं हंगामी शिक्षिका होते. सोमवारी परीक्षकांसमोर पाठ घ्यायचा होता आणि माझं कायम होणं त्यावरच अवलंबून होतं. विषय आला: शेवाळात हरितलवक कुठून आलं? तालमीला घरात श्रोता एकच, सासूबाई. शिरगावच्या, जन्मभर पालघरच्या बाजारात मासे विकत आलेल्या आणि माझ्या मासे साफ करण्यावर रोज तोंडसुख घेणाऱ्या.

त्या अंगणात विळीवर बोंबील कापत होत्या. मी सुरू केलं. फार पूर्वी एका पेशीने उन्हावर साखर बनवणारा जिवाणू गिळला. तो पचला नाही, आतच राहिला आणि तिला साखर पुरवू लागला. त्याचंच पुढे हरितलवक झालं.

“गिळला, आनि पचला नाय?”

“नाही, आई.”

त्यांनी हातातल्या बोंबलाचं पोट चिरलं आणि अर्धवट विरघळलेली मांदेली काढून माझ्या नाकासमोर धरली. “ही बघ. चाळीस वर्सं पोटं फाडतेय, आत गेलेला एक पन जिता नाय निगाला. तुझा कसा रायला?”

मी चिडले. “हा बोंबलाचा प्रश्न नाही,” म्हणून आत गेले आणि पुस्तकं उपसली. अंदाज पुष्कळ होते, नक्की उत्तर नव्हतं. अख्खा रविवार त्या मांदेलीने खाल्ला.

सोमवारी पाठ छान रंगला. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, पण तो का पचला नाही?” एरवी मी थाप मारली असती, त्यात माझा हातखंडा आहे. त्या दिवशी जमेना. म्हटलं, “माहीत नाही. अंदाज आहेत, ते सांगते. पण नक्की कुणालाच माहीत नाही, आणि माझ्या सासूबाईंना तर हे अजिबात पटलेलं नाही.” वर्ग खो खो हसला. परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. नोकरी गेली, असं मी धरूनच चालले.

महिन्याने कायम झाल्याचं पत्र आलं. ते घेऊन मी थेट पालघरच्या मासळी बाजारात गेले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शेजारणीला कोपर मारलं.

“ऐकलंस काय गो? माझी सून एवढी शिकलेली हाय, की सायबासमोर बोलली, ‘मला माहीत नाय’!”

मला रडूच आलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यांच्या तोंडून माझं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही मला न येणाऱ्या गोष्टीबद्दल.