कोणाच्या सांगण्यावरून

साजिदाच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. उरलेली दोन मी चिंधीत गुंडाळून दवाखान्यात नेली होती. डॉक्टरांनी चिंधी उघडली, बघितली आणि परत मिटली.

त्याला सहा वर्षं झाली. भरे गावाजवळ आमचा कारखाना, गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकून काढणारा. मशीनवर पत्रा ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, की वरून चाळीस टनांचा घाव पडतो. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय घाव पडत नाही, म्हणून बोटं वाचतात. पण त्यात वेळ जातो. मग एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात. ते बटण दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा होतो आणि माल दीडपट निघतो. मी नरहरी, तिथला फिटर. पाचर ठोकणं माझं काम.

साजिदाच्या मशीनलाही पाचर होती. ती कोणी मारली हे तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

तिनं तक्रार करू नये म्हणून कंपनीनं तिला मशीनवरून उचलून टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामाला, खुर्ची दिली. तोंड बंद ठेवायला दिलेली खुर्ची. पण तोंड बंद ठेवणं साजिदाला जन्मात जमलं नाही. पौडच्या बाजारात तिच्या वडिलांचं, हाफीजचाचांचं, सायकलचं दुकान. तिथं ती लहानपणापासून गिऱ्हाइकाला सुनवायची, "हवा फुकट हाय, चाचाचा जीव न्हाई." आमच्याकडे उशिरा येणाऱ्या सुपरवायझरलाही ती सोडत नसे.

मग गाडीवाल्या मोठ्या कंपनीचं ऑडिट आलं. मशीनच्या दुरुस्तीची नोंद कॉम्प्युटरवर पाहिजे, म्हणाले. आमचे मॅनेजर निषादसाहेब. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याचा आकडा ऐकला आणि साजिदाला म्हणाले, "बसूनच असतेस, तू कर."

तिनं केलं. माण गावात तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, मृण्मयी नावाची आयटीतली मुलगी भाड्यानं राहते. तिनं तीन रविवार शिकवलं. कोड लिहायचा नाही, पडद्यावर चौकटी ओढून बसवायच्या. कामगारांचा एक तक्ता, मशीनचा एक, कामाचा एक, आणि तिन्ही एकमेकांना जोडलेले. सात नंबरच्या मशीनवर बोट ठेवलं की त्याची सगळी कुंडली समोर. साजिदा आठ बोटांनी असं टाइप करायची की बघणाऱ्याला आपल्या दहांची लाज वाटावी.

फॉर्म टॅबवर भरायचा, त्यात कॉलम होते. काय काम केलं, कोणी केलं, आणि शेवटचा, कोणाच्या सांगण्यावरून. त्याच्यापुढे लाल फुली. तो भरल्याशिवाय नोंद सेव्हच होईना.

मी वैतागलो. "हे कशाला गं?"

"भरा म्हणलं की भरा, दादा. फुकट डोकं लावू नगा."

मी सरळ माणूस. केलं ते लिहीत गेलो. 'पाचर मारली. निषादसाहेब.' असं एकतीस वेळा. ऑडिटवाल्यांनी चौकटी हिरव्या आहेत एवढंच पाहिलं. निषादसाहेबांनी तर तेवढंही पाहिलं नाही.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी मी सात नंबरला पाचर मारली. साहेब अजून आले नव्हते. हात सवयीनं गेला. टॅबनं विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून? मी 'स्वतः' लिहिलं आणि चहाला गेलो. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

दहा वीसला नथू ओरडला.

नथू भऱ्याचाच, चाळिशीचा, साधा माणूस. उजवा हात मनगटापर्यंत साच्यात. वरचा साचा घाव पडून तसाच अडकला होता. मी पहार घालून चाक उलटं फिरवायला लागलो आणि नथू डाव्या हातानं माझीच मान आवळत होता. ओरडणं थांबलं, मग तो मशीनच्या खांबावर डोकं आपटायला लागला, एकदा, दोनदा, रक्त येईपर्यंत. साचा वर आला तेव्हा अंगठा तेवढा अंगठ्यासारखा होता. बाकीचं पत्र्याला चिकटलं होतं. कन्व्हेअरवर पुढचा माल चाललाच होता.

तासाभरात हजेरीच्या वहीतलं पान फाटलं. निषादसाहेबांनी गोष्टही रचली. नथू आज कामावर नव्हताच, दारू पिऊन आला आणि गेटमध्ये हात चिरडून घेतला. अरे, नथू चहासुद्धा पीत नाही!

मी टाइम ऑफिसात पोचलो तेव्हा साहेब साजिदाच्या टेबलावर वाकले होते.

"आजच्या नोंदी पूस."

"पुसायचं बटणच न्हाई, साहेब. मी बनवलंच न्हाई."

त्यांनी टॅब उचलून फरशीवर आपटला. काचा उडाल्या. वर बुटानं दोनदा ठेचला. साजिदा बघत राहिली आणि चक्क हसली.

"ती नुसती पाटी हुती. लिहिलेलं हितं नसतंय, नेटवर असतंय."

साहेबांनी तिला मुस्काटात मारली. मग पासवर्डसाठी तिचा डावा हात धरून पिरगाळला. दोन खुंट टेबलाच्या कडेवर दाबले. ती ओरडली नाही, दात आवळून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या डोक्यात काय झालं मला माहीत नाही. हातात बावीसचा पाना होता, तो मी त्यांच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

मला पोलिसांनी नेलं, जामिनावर सुटलो, नोकरी गेली. नथूचा हात मनगटातून काढला. नंतर कारखाना निरीक्षकांपुढे सुनावणी लागली, आणि कंपनीनं सांगितलं की अ‍ॅपमधल्या नोंदी त्या बाईनं घरी बसून रचल्यात. नोंदी खऱ्या ठरायच्या तर लिहिणाऱ्यानं उभं राहून 'माझ्या आहेत' म्हणायला हवं होतं. म्हणजे मी.

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी पौडला तिच्या घरी गेलो.

"साजिदा, एक शब्द बदल. त्या दिवशीचा. 'स्वतः' काढ, निषाद घाल. एकतीस वेळा तोच होता ना?"

"बदलता येतंय," ती म्हणाली. "पर जुना शब्द खाली ऱ्हातोय. कुणी बदलला, कवा बदलला, सगळं. वकील म्हणंल, एक बदलली म्हंजी सगळ्या बदलल्या. मग नथू गेटातच चिरडला."

"आणि मी? माझ्यावर दुसरी केस लागंल! तुला माझा बळी द्यायचाय व्हय?" मी समोरच्या स्टुलाला लाथ घातली. ते भिंतीवर जाऊन फुटलं. आतून हाफीजचाचा धावत आले, तिनं त्यांना हातानंच थांबवलं.

"स्टूल मोडलं," ती म्हणाली. "आता उद्याचं बोला."

मी निघून आलो. रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या, तिला त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी पडदा माझ्याकडे वळवला. नथू समोर बसला होता, मनगटाला पांढरा गोळा. मी वाचलं. सात नंबर. नऊ दहा. पाचर मारली. नरहरी. कोणाच्या सांगण्यावरून, स्वतः. "माझी नोंद आहे," मी म्हणालो. "आधीच्या एकतीसही माझ्याच, आणि त्या साहेबांच्या सांगण्यावरून." नथूनं मान वर केली. तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तो त्या दिवशी सात नंबरवर होता, हे आता कोणाला नाकारता येणार नव्हतं.

बाहेर आवारात साजिदा फोन काढून उभी होती. तिनं नवी नोंद उघडली आणि माझ्यापुढे धरली. तारीख सहा वर्षांपूर्वीची. मशीन तीन नंबर. काय काम केलं, पाचर मारली. कोणी केलं हेही भरलेलं होतं, नरहरी. फक्त लाल फुलीचा रकाना रिकामा.

सहा वर्षं ही बाई मला दादा म्हणत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिसापासनं. कुणी सांगितलेलं, तेवढंच ठाऊक न्हाई." तिनं फोन माझ्या हातात दिला. "त्याच्यासाठी तर कॉलम बनवला, दादा. वाट बघत हुते, कवातरी आपनहून सांगाल."

मी आठवून पाहिलं. त्या दिवशी कोणीतरी सांगितलं असावं, अशी फार इच्छा होती माझी. माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, तरी तो एक शब्द उमटवायला मला चार वेळा खोडावं लागलं.

स्वतः.

तिनं वाचलं. डोळे पुसले आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं सेव्ह केलं.

"चला," ती म्हणाली, "नथू एकटाच बसलाय तितं. त्याला घरी सोडू."