आईच्या दुधीचं बी

राखेचा वास आला की वर्तकनगरच्या हॉलमधली ती बियांची अदलाबदल आठवते. आई गेल्यावर तिच्या वेलाच्या शेवटच्या दुधीचं बी मी राख लावून पुडीत नेलेलं. टेबलावर ठेवताच ती पुडी एका काकांनी उचलली. घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहतो म्हणाले आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. "अहो काका, तिथे मधमाशी तरी येते का? फळ धरणार कसं?" पुडी परत मागावी म्हणून मी त्यांच्याभोवती घुटमळत राहिले. ते हसले, "संध्याकाळी फुलं उमलली की मी ब्रश घेऊन बसतो. मीच मधमाशी!" घरी आले तरी मला चैन पडेना. मागे ठेवलेलं बी माझ्याकडे उगवलंच नाही. पुढच्या वर्षीच्या अदलाबदलीत काकांनी त्यांच्या वेलाचं मूठभर बी आणून दिलं. आता मीही माझ्या अठराव्या मजल्यावरच्या घरात त्याच बियांच्या वेलाशेजारी ब्रश घेऊन बसलेय, आणि आज संध्याकाळ काही केल्या होत नाहीये.