विहीणबाईंनी नाव घेतलं

गेल्या रविवारी परंदवडीच्या आमच्या घरी स्कॉटलंडच्या विहीणबाई जेवायला आल्या. माझ्या लेकीच्या, ऋचाच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, तिला घेऊन... सकाळपासून माझी नुसती धांदल!

बाई मात्र फार शांत. आम्हाला समजावं म्हणून बातम्या दिल्यासारखं सावकाश, स्वच्छ इंग्लिश बोलायच्या. हसणंही बेताचंच. माझी पोर तिकडे यांच्याच घरात राहते... माया करत असतील ना तिच्यावर, हीच धाकधूक मनात.

जेवणं झाली आणि आमची सुलामावशी रंगात आली. "आता विहीणबाई, नाव घ्या!" लगेच सगळ्या बायका, घ्या घ्या...

विहीणबाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, हे मावशीला माहीतच नव्हतं! मी हळूच सांगितलं तशी तिने पदर तोंडाला लावला. "अगं बया... मला ठावंच न्हाई गं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई ऋचाला सारखं विचारायला लागल्या, काय झालं म्हणून. शेवटी तिने घाबरत घाबरत सांगितलं, की नवऱ्याचं नाव दोन-चार ओळींत गुंफून घ्यायची आमच्यात पद्धत आहे.

बाईंनी ऐकलं... आणि सुरूच झाल्या की! र घोळवत, हेल काढत, शब्द अर्धे गिळत. हे कुठलं म्हणे इंग्लिश? मला शेवटचं 'डंकन' तेवढं कळलं. पण टाळ्या काय पडल्या!

मग डोळे पुसत त्यांनी सांगितलं... ही त्यांच्या समुद्रकाठच्या गावची बोली. शाळेत ती बोललं की छड्या बसायच्या. पुढे फक्त नवऱ्याशी बोलायच्या. ते गेले आणि घरात ती बोली ऐकायलाच कुणी उरलं नाही.

ऋचाने हे मराठीत सांगितलं, तशी मावशी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "बोला बाई तुमी. कळलं न्हाई तरी आमी ऐकतो." संध्याकाळपर्यंत दोघी ओसरीवर. एकीचं मावळी, एकीचं स्कॉटिश... आणि हसणं लय जोरात!

निघताना ऋचा माझ्या गळ्यात पडली. "आई, मी शिकणार गं ती बोली. घरात कुणीतरी हवं ना त्यांच्याशी बोलायला." विहीणबाईंना काय कळलं कोण जाणे, त्यांनी तिचा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

मावशी, तुझ्या त्या चुकीचे लय उपकार गं... त्या रात्री मला शांत झोप लागली.