खिडकीखालची दोन भोकं

नदीच्या धक्क्यावर त्याला सगळे तपासनीस म्हणत. एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासून निवृत्त झालेला माणूस. नाव असेलच काहीतरी, पण ते कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. उगीच नाव सांगावं आणि कोणी त्याचा काही उपयोग करावा, कशाला! बसमध्ये चढल्या चढल्या नुसत्या चेहऱ्यावरून कोण फुकट्या आहे हे तो ओळखायचा. दहात नऊ वेळा बरोबर निघायचा. दहावा माणूस तिकीट काढून दाखवायचा, तेव्हा हा ते उजेडाला धरून उलटसुलट बघायचा. नोकरी सुटली तरी डोळे तेच राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

निवृत्तीनंतर नवराबायकोने राहायला एक जुनी लोखंडी बोट घेतली. कल्पना बायकोची. सगळा जन्म तिने चौथ्या मजल्यावर, समोरच्या भिंतीकडे तोंड केलेल्या दोन खोल्यांत काढला होता. आता म्हातारपणी तरी खिडकीतून पाणी दिसावं, एवढीच तिची हौस. बोट घेण्याआधी तपासनिसाने दोन दिवस हातोडीने सगळा पत्रा ठोकून ठोकून ऐकला. विकणारा शेवटी वैतागून म्हणाला, "साहेब, घेताय की वाजवताय?"

पत्रा खणखणीत होता. गळत होत्या त्या खिडक्या. हातोडी घेऊन फिरणाऱ्याचं तिकडे लक्षच गेलं नाही.

चार खिडक्या, सरकत्या काचांच्या. त्यातली बिछान्यावरची सगळ्यात वाईट. पाऊस आला की गादीची ती कड भिजायची, आणि बायको झोपायची नेमकी त्याच कडेला, कारण पाणी तिथूनच दिसायचं. ओलीने तिला खोकला धरला. डॉक्टरने सांगितलं, कोरड्यात झोपा. मग एका सकाळी तिने ओली चादर पिळता पिळता, आवाज न चढवता सांगून टाकलं, "अहो, ताईने खोली रिकामी करून ठेवली आहे. हा पावसाळा कोरडा गेला तर राहीन. नाहीतर मी चालले तिच्याकडे. तुम्ही सांभाळा तुमचा डबा."

आवाज चढवला असता तर त्याला एवढी भीती वाटली नसती. बायको गेली तर या बोटीत उरणार काय? स्टोव्ह, हातोडी आणि आपण!

दुसऱ्या दिवसापासून त्याने खिडक्या काढायला घेतल्या. कारागीर बोलवायचा नाही हे ठरलेलंच होतं. कारागीर एक भोक बुजवतो आणि दोन पाडून जातो, म्हणजे पुन्हा बोलावणं येतं, असं त्याचं पक्कं मत. एका खिडकीला सोळा स्क्रू. गंजून बसलेले. प्रत्येकावर तेलाचा थेंब टाकायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी हळूच फिरवायचं. निघालेला प्रत्येक स्क्रू काड्यापेटीत, आणि पेटीवर खिडकीचा नंबर. चौकट सुटली की खालचं फटी बुजवायचं, वाळून खडखडीत झालेलं जुनं सीलंट खरवडणीने काढायचं. त्याच्याखाली गंजाचे पापुद्रे. ते तारेच्या ब्रशने घासून पत्रा उजळ करायचा, त्यावर लाल रंगाचे दोन हात, मग कडेने कागदी टेप, मग सीलंटच्या बंदुकीने सलग रेघ, चौकट बसवायची आणि साबणाच्या पाण्यात बोट बुडवून कड गुळगुळीत करायची. काम खरंच सुरेख होत होतं. माणूस कसाही असो, हाताला वळण होतं, हे मान्य करायला हवं.

बिछान्यावरच्या खिडकीची चौकट धुताना त्याला खालच्या पट्टीत दोन बारीक भोकं दिसली, घाणीने चोंदलेली. बाहेरच्या अंगाला. काडीने टोकरली तर आरपार! त्याच्या मनात पाल चुकचुकली. खिडकी म्हणजे पाणी अडवायची वस्तू, तिला मुद्दाम भोकं कोण पाडेल? विकणाऱ्याचंच काम.

"साहेब, ती भोकं तेवढी मोकळी ठेवा हं," पलीकडून आवाज आला.

पलीकडच्या बोटीवर एक म्हातारा वेल्डर राहायचा. एकटाच. सगळी हयात बोटींचे पत्रे जोडण्यात गेलेली. पायजम्याला ठिणग्यांची भोकं, आणि तोंडाला कुलूप नाही.

"मोकळी? का बरं?"

"अहो, काच सरकते त्या खाचेत पाणी साचतं, ते तिथून बाहेर—"

"बरं बरं," तपासनीस म्हणाला आणि पाठ फिरवली.

आता यात चिडण्यासारखं काय होतं? काही नाही! पण याच वेल्डरने वर्षापूर्वी सहज म्हटलं होतं, "कधी बोट विकायची झाली तर आधी मला सांगा." ते वाक्य तपासनिसाने डोक्यात जपून ठेवलं होतं. त्यात महिन्यापूर्वी बायको धक्क्यावर वेल्डरशी बोलत उभी दिसली, तेव्हा यानं घरात आल्यावर विचारलं होतं, "एवढं काय चाललं होतं तुमचं?" तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि कणीक मळायला घेतली. आता सगळं त्याच्यासमोर लख्ख जुळलं. खिडकी गळत राहावी, बायको कंटाळून जावी, आपण हात टेकावेत आणि बोट मातीमोल किमतीला वेल्डरच्या घशात जावी! म्हणून भोकं मोकळी ठेवा. वा रे वा! त्याने दोन्ही भोकांत सीलंट भरलं आणि वरून बोटाने दाबलं.

मग बादलीभर पाणी काचेवर फेकून बघितलं. आत थेंब नाही. पुन्हा फेकलं. थेंब नाही. त्याने बायकोला बोलावून कोरडी गादी दाखवली.

चार दिवसांनी खरा पाऊस आला, सकाळपासून दुपारपर्यंत चाललेला. गादी भिजून चिंब झाली.

बायकोने वरच्या फळीवरची बॅग खाली काढली, पुसली आणि बिछान्याखाली सरकवून ठेवली. "अजून एकदा बघते," एवढंच म्हणाली.

त्याने पुन्हा सोळा स्क्रू काढले. पुन्हा खरवडलं, पुन्हा सीलंट, भोकांत तर या वेळी काठोकाठ. आणि काय सांगावं, पाऊस आला, गादी कोरडी! दुसरा आला, कोरडी. तिसरा तर दोन दिवस पडला, तरी कोरडी! तपासनीस धक्क्यावरून छाती काढून चालू लागला. वेल्डरला मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला म्हणाला, "हात लागतो कामाला, हात!" बायको मान खाली घालून विणत बसली होती. "हो ना," ती म्हणाली. बॅग मात्र बिछान्याखालीच होती.

आठवडाभराने काच पुसायला तो बाहेरून वाकला आणि जागीच थिजला. दोन्ही भोकांत भरलेल्या सीलंटला मधोमध छेद. गोल, स्वच्छ, कोणीतरी मुद्दाम आरपार खुपसल्यासारखा.

झालं! आपला संशय खरा निघाल्याचा आनंद काय असतो, तो संशयी माणसालाच ठाऊक. क्षणभर तो चक्क खूश झाला. मग संतापला. त्याने छेद बुजवले. तीन दिवसांनी पुन्हा छेद. पुन्हा बुजवले. पुन्हा छेद. गादी तरीही कोरडी होती, पण त्याचा विचार करायला याला सवड कुठे होती? चोर बोटीवर चढतोय, आणि आपण गाद्या चाचपत बसायचं?

शेवटी त्याने दोन नळ्यांतला मसाला कालवला. पत्र्याच्या फटी बुजवतात तो, वाळला की दगड. भोकांत ठासून भरला. "आता खुपस म्हणावं," तो स्वतःशीच म्हणाला. पण छेद होऊ न देणं एवढ्याने त्याचं समाधान होणार नव्हतं. त्याला माणूस रंगेहाथ पकडायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पिशवी घेतली आणि धक्क्यावर उभं राहून मोठ्याने सांगितलं, "मी दुकानात जाऊन येतो गं, दोन तास लागतील!" बायकोला बेत सांगितला नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही, असं त्याचं मत. हे मत किती चुकीचं होतं ते कळायला आता फार वेळ नव्हता. तो कोपऱ्यापर्यंत गेला, गोदामामागून वळसा घालून परत आला आणि थांबून राहिला. मालाची एक मोठी बोट गेली, तिच्या लाटांनी धक्क्याच्या सगळ्या बोटी डुलू लागल्या. त्या डुलण्यात तो मागच्या बाजूने चढला. बायको पुढे कपडे वाळत घालत होती. तो आत शिरला, पडदा ओढला आणि बिछान्यावर बायकोच्या जागी उताणा पडून राहिला. हातात मोठा पान्हा.

आभाळ भरून येत होतं. बाहेरच्या पत्र्यावर पावलं वाजली. खिडकीपाशी थांबली. पडद्याच्या खालच्या फटीतून त्याला दोन हात दिसले. हातात विणायची सुई. सुई भोकावर टेकली, दाबली, निसटली. पुन्हा टेकली. मसाला दगड झालेला. हात दोन्ही मुठींनी जोर लावू लागले. कट्! सुई मोडली.

"अगं आई गं!"

तो आवाज त्याच्या अडतीस वर्षांच्या ओळखीचा होता.

पान्हा कुठे ठेवला हे त्याला नंतर आठवेना. तो बाहेर आला तेव्हा बायको गुडघ्यांवर बसून तळहातातून आलेलं रक्त दाबत होती. त्याला बघून ती दचकली नाही.

"दुकानातून लवकर आलात."

"तू? भोकं तू पाडत होतीस?"

"मीच. त्या दुसऱ्या वेळेपासून. वेल्डरभाऊंनी मला मग्यात पाणी घेऊन दाखवलं. फेकलेलं पाणी काचेवरून ओघळून जातं. पावसाचं तासन् तास खाचेत साचतं. भोकं बंद असली की खाच भरते, आणि भरली की आत सांडते, माझ्या उशीवर. पाणी यायची वाट तुम्ही छान बंद केलीत हो, खोटं कशाला बोलू. पण जायचीही केलीत."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय विचारलं असतंत? एवढं काय चाललं होतं तुमचं, असंच ना?"

एकतीस वर्षांत कोणी तपासनिसाला असं पकडलं नव्हतं.

"पण तुला तर जायचं होतं," तो शेवटी कसाबसा म्हणाला. "ताईकडे. गादी भिजली की."

"म्हणून तर ती भिजू देत नव्हते!" आता मात्र तिचा आवाज चढला आणि डोळ्यांत पाणी आलं. "कळत कसं नाही हो तुम्हाला? बोलून बसले होते मी. मला कुठे जायचं होतं?"

पावसाचे थेंब पत्र्यावर वाजायला लागले. दोघांनी एकदमच त्या दोन भोकांकडे बघितलं, दगडासारखी बंद. सुईचं काम राहिलं नव्हतं. बारीक गिरमिट हवं होतं, आणि ते अख्ख्या धक्क्यावर एकाकडेच होतं.

दोन बोटींमधली फळी सात-आठ पावलांची. तपासनिसाने ती तीन वर्षांत एकदाही ओलांडली नव्हती. ती ओलांडून तो वेल्डरच्या दारात उभा राहिला, भिजत. काय बोलायचं ते जुळवलं होतं, ते सगळं विसरला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "भोकं पाडायची आहेत."

वेल्डरने एक शब्द न विचारता पेटी उघडली आणि चार नंबरचं गिरमिट काढून दिलं. मग त्याला राहवलं नाही. "साहेब, बघून घ्या हं, टोक ओरिजिनल आहे की नाही." तपासनिसाच्या हातांनी ते सवयीने उजेडाला धरलंही होतं. दोघंही हसले. तपासनिसाचं हसू जरा कडू होतं, पण हसला.

भोकं मोकळी झाली आणि पाऊस धो धो लागला. छत्री धरून नवराबायको बाहेरच उभी राहिली. पहिली काही मिनिटं काहीच नाही. मग दोन्ही भोकांतून पाण्याची बारीक धार लागली, शहाण्यासारखी बाहेरच्या बाहेर, नदीत. मसाला कालवून, ठासून, त्याने हेच आत कोंडायचा घाट घातला होता.

आत येऊन त्याने गादीवर हात फिरवला. कोरडी होती. तिच्या हाताला त्याने पट्टी बांधली. बिछान्यावर बसताना त्याच्या टाचेला खालची बॅग लागली. एरवी त्याने ती उचलून बघितली असती. नुसत्या वजनावरून भरलेली की रिकामी, हे सांगणारा माणूस तो. हात खाली गेलासुद्धा. मग त्याने तो वर घेतला, टाचेनेच बॅग अलगद आत ढकलली आणि खिडकीबाहेर बघू लागला.

बायको त्याच्याकडे बघत होती.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"मी कुठे विचारलं?"

"नाही विचारलंत, म्हणून सांगितलं."