कुरडयांच्या मापाचा खोका

घरचा माल पार्सलने पाठवणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

पुण्याच्या एका ताईंनी मुलीच्या रुखवतासाठी आमच्याकडून एकवीस रंगीत कुरडया मागवल्या होत्या. आईने उन्हाळ्यात, खांदा दुखत असताना सोऱ्या दाबून केलेल्या त्या यंदाच्या शेवटच्या.

आई म्हणाली होती, डब्यात मुरमुरे भर आणि त्यात ठेव. मला ते गावठी वाटलं. मी फूटपट्टीने कुरडई मोजली आणि मलकापूरहून अगदी त्याच मापाचा छापील खोका आणला. हलली नाही तर फुटणार नाही, असा माझा हिशेब. पण जागाच नसल्यामुळे प्रत्येक दणका थेट कुरडयांना बसला.

आज सकाळी ताईंचा फोन आला. "भाऊ, सगळ्यांचा चुरा झालाय हो. परवा लग्न आहे, रुखवतात काय मांडू?"

मी कशीबशी माफी मागितली.

फोन ठेवला, तेवढ्यात आईने अंगणातून विचारलं, "पोहोचल्या का रे? एखांदी फुटली त नाही न?"

"नाही आई, साऱ्या साबूत हायेत."

"मंग रुखवताचा फोटो मांगजो त्याहीले. मले पाहाचा हाये."

पुढच्या वेळी खोक्यात चारही बाजूंनी जागा सोडीन. पण आईला आता काय सांगू?