काका ‘उघड’ म्हणेपर्यंत

"आधी हात लावा, मग बोला."

गाडी शोरूममधून थेट आणलीय, हिला आणखी काय साफ करणार, असं गिऱ्हाईक म्हणालं की काका मान वर न करता हे वाक्य टाकायचे. मग धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी उजव्या हातावर मोज्यासारखी चढवायचे, डोळे मिटायचे आणि बॉनेटवरून बोटं अलगद फिरवायचे. ते झालं की पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात. नुसत्या हाताला न कळणारी खरखर प्लॅस्टिकमधून बरोबर कळते. तुम्हीही घरी करून बघा, नव्याकोऱ्या गाडीबद्दलचं तुमचं मत जरा बदलेल.

नगर रस्त्यावर, येरवडा ओलांडल्यावर आमचं दुकान आहे. नव्या गाड्यांच्या रंगावर संरक्षक थर चढवतो, ज्याला सगळे कोटिंग म्हणतात. कारखान्यातून गिऱ्हाइकाच्या दारात येईपर्यंत गाडी कुठकुठल्या आवारात उभी असते. लोखंडाची बारीक पूड रंगात रुतते, डांबराचे शिंतोडे उडतात, झाडाचा चीक पडतो. गाडी धुऊन आम्ही तिच्यावर एक द्रव फवारतो. लोखंड असेल तिथून जांभळे ओघळ येतात आणि गाडीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यानंतरही जे उरतं ते क्लेने काढायचं. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखी चिकट माती. साबणपाणी मारून ती रंगावरून हलक्या हाताने फिरवायची. हे काम काकांचं, वर कोटिंग चढवण्याचं माझं.

कोटिंगचं एक वाईट असतं. ते बसलं की खाली जे राहिलं ते तिथेच राहतं. म्हणून आमच्यात एक नियम होता, कोणी ठरवून न दिलेला. मी कोटिंगची बाटली हातात घेऊन उभी राहायचे. काका शेवटचा हात फिरवायचे आणि म्हणायचे, "अकोला, उघड बाटली." त्याआधी झाकणाला हात लावायचा नाही.

अकोला म्हणजे मी. गाव विचारलं तेव्हा सांगितलं, तेच नाव पडलं. पुण्यात नवी असताना मला इथल्या तिरकस बोलण्याचा फार राग यायचा. काकांना पहिल्या दिवशी म्हटलं, "मला लवकर शिकवा." तर म्हणाले, "लवकर शिकायचं असेल तर दुसरं काहीतरी शीक." मी दिवसभर फुगून होते. संध्याकाळी त्यांनी माझं मनगट धरून माझा हात दारावरून फिरवला आणि कुठे थांबायचं ते दाखवलं. शिव्या न देता शिकवणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

खडकीच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. तिथे तयार मालावर हात फिरवून तपासणं हेच त्यांनी आयुष्यभर केलं. क्लेचा तुकडा हातातून जमिनीवर पडला तर ते तो तिथेच टाकून द्यायचे, अगदी नवा असला तरी. पडलेल्या मातीला वाळूचा एक कण चिकटला तरी रंगावर ओरखडा उमटतो. साहेब, म्हणजे आमचे दुकानमालक, यावरून कुरकुरायचे. काका म्हणायचे, "ठेवा तुमच्या टेबलावर, शोभेला."

यंदा दसऱ्याच्या आधी मला काही गोष्टी दिसायला लागल्या. चहाचा ग्लास आम्ही सगळे कडेला दोन बोटांनी धरायचो, काका तळव्यात घेऊन निवांत प्यायचे. मी म्हटलं, "भाजत नाही का?" "कारखान्याचे हात आहेत," ते म्हणाले. मला ते ऐटबाज वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांवर फोड होते. पिशवीही आता कधी उजव्या हातावर असायची, कधी डाव्या. शर्टाचं बटण लावायला ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मी विचारलं की चिडायचे. मला काळजी वाटत होती, आणि रागही येत होता त्यांचा, कारण त्यांच्या शब्दावर बाटली मी उघडत होते.

मग ती काळी गाडी आली. काळ्या रंगात काही लपत नाही. गाडीवाला अलीकडेच शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावातला, घरची जमीन असलेला, स्वभावाने मोकळा पण उतावळा. "संध्याकाळी पूजा हाय. भटजी सांगून ठेवलेत, पाव्हणं आलेत," असं सांगून तो गिऱ्हाइकांसाठीच्या काचेच्या खोलीत बसायच्या ऐवजी गाडीशेजारीच येऊन उभा राहिला. साहेबांनी गाडी वेळेवर द्यायचा शब्द दिलेला होता.

काका चालकाच्या बाजूचं दार करत होते. साबणपाणी, माती, सरळ रेषेत हात पुढे, हात मागे. मी समोरून बॉनेट पुसत होते आणि मला माती पडताना दिसली. त्यांच्या हातातून सुटली, दारावरून घसरली आणि चाकाशी जाऊन पडली.

काकांचा हात चालूच राहिला.

रिकामी बोटं ते दारावरून फिरवत होते, तशीच सरळ, तशीच हलकी. दाराच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पाणी मारलं, पुन्हा गेले. गाडीवाला शेजारीच फोनवर बोलत होता. तोंडातून शब्द काढला तर तो ऐकणार, साहेब ऐकणार, आणि काकांकडे काय उरणार? त्या वयात दुसरीकडे कोण त्यांना उभं करणार होतं? नाही काढला तर त्या दारावर कोटिंग चढणार होतं, माझ्या हाताने.

काकांनी दार कोरडं केलं, पिशवी चढवली, डोळे मिटले. हात वरून खाली आला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो नेहमीसारखाच होता.

"अकोला, उघड बाटली."

मी बाटली घेऊन उभी राहिले. झाकण काही उघडवेना. साहेब आतून आले. "काय झालं? उशीर का?"

मी दाराला हात लावला. पिशवीची गरजच नव्हती. रव्यावरून हात फिरवल्यासारखं लागत होतं. मी खाली वाकले, चाकाजवळची माती उचलली आणि तळहातावर काकांसमोर धरली. तिला खडे चिकटले होते.

"ही पडली होती, काका."

"कधी?"

"तुम्ही दार करत होतात तेव्हा."

काकांनी मातीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. साहेब घाईने म्हणाले, "दुसरी घ्या ना, दार परत करून टाका, त्यात काय." गाडीवाल्याने फोन बंद केला. "काय भानगड हाय?"

"काही नाही," साहेब म्हणाले.

काकांना तिथे गप्प बसता आलं असतं. साहेबांनी वाट मोकळी करून दिली होती, मीही तोंड उघडलं नसतं. ते वळून गाडीवाल्याला म्हणाले, "गाडी आज होणार नाही. माझ्या बोटांना कळेनासं झालंय. दार राहिलंय, बाकीचं किती राहिलं ते मला सांगता येणार नाही. सगळी परत करावी लागेल. ही करेल."

साहेबांचा चेहरा उतरला. गाडीवाला तडकला, "अहो, पूजा हाय आज."

"मग करा की. पूजेला कोटिंग लागत नाही."

मला वाटलं आता हा माणूस हात उचलतो. काकांनी पिशवी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घातली, दारावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हाय की खरखर." मग गाडी घेऊन गेला. दसरा उलटल्यावर परत आला तो हळदकुंकू, नारळाचं पाणी आणि झेंडूच्या पाकळ्यांसकट. ती गाडी धुताना मला काकांची फार आठवण आली. त्यांनी नक्की काहीतरी खवचट म्हटलं असतं.

कारण तोवर ते येईनासे झाले होते. त्या दिवशी नळावर त्यांनी पिशवी धुतली, खिळ्याला अडकवली, मला म्हणाले, "बरं केलंस," आणि गेले. फोन केला तर मुलगी उचलायची. साखरेने नसा गेल्या होत्या, बोटं परत येणार नव्हती.

एकदाच आले ते, त्याच मुलीच्या नव्या गाडीतून. मुलीला बंगळूरला नोकरी लागली होती, बाबांना घेऊन ती तिकडे निघाली होती. गाडी मी केली. काका प्लॅस्टिकच्या स्टुलावर, हात खिशात घालून बसले होते. शेवटचं पुसून झालं आणि मी सवयीने बाटली घेऊन उभी राहिले. "काका, झालं का बघा ना," मी म्हणून गेले, आणि जीभ चावली.

ते उठले. हात खिशातच ठेवून बॉनेटवर वाकले आणि गाल रंगावर टेकवला. डोळे मिटून तो हळूहळू एका कडेकडून दुसरीकडे नेला. काचेच्या खोलीतून लोक बघत होते. मुलगी "बाबा, अहो बाबा" करत होती.

"अकोला," ते सरळ होत म्हणाले, "उघड बाटली."

बॉनेटवर त्यांच्या गालाचा डाग उमटला होता, घामाचा, दाढीच्या खुंटांचा. तसाच कोटिंगखाली गेला असता तर राहिला असता तिथे. मी फडकं घेतलं आणि पुसला. काका बघत होते.