तुकड्यांनी जुळवलेला गुणाकार

आमच्या भागात गुरुवारी लाइट जाते. बहुतेक कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून दुरुस्तीची कामंही तेव्हाच काढतात. आमच्या कुरुळी गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. दळण, पाण्याची मोटर, सगळं बुधवारीच उरकलेलं असतं. मला त्याचा खरा त्रास शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमुळे झाला.

विषय मी स्वतः मागून घेतला होता. सर्किट आपण आखायचं नाही. कॉम्प्युटरने गेट्स, म्हणजे शून्य-एकवर चालणारे सर्किटचे छोटे भाग, कशीही जोडून एक सर्किट बनवायचं, त्यात थोडेथोडे बदल करून चार पिल्लं काढायची, बरोबर उत्तराच्या सगळ्यात जवळ जाईल ते ठेवायचं आणि पुन्हा तेच, पिढ्यान्पिढ्या. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. 'मला हेच हवं' असं म्हणायची सवय नव्हती. म्हटलं खरं, पण गाइड मॅमनी अट घातली: चार-चार बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या चार-चार अंकांच्या, दोन संख्यांचा गुणाकार करणारं सर्किट पुढच्या रिव्ह्यूला पूर्ण दाखव, नाहीतर विषय बदल.

दोन बिटांचं चहा होईपर्यंत आलं. तीन बिटांना एक दुपार लागली. चारचं काही येईना. इनपुटची एक तार वाढली की तपासायच्या जोड्या दुप्पट होतात, आणि इथे दोन वाढल्या होत्या. त्यात जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली. गुरुवार आला की केलेलं सगळं पाण्यात.

"भावा, मधेमधे सेव्ह करायला लाव ना त्याला," प्रोजेक्टमधला माझा जोडीदार म्हणाला. "नाहीतर सरळ ट्रॅफिक सिग्नल करू. त्यात आजवर कोणी नापास झालं नाही, राव."

सेव्ह करायला लावलं. पुढच्या गुरुवारी लाइट जायच्या आधी आकडे कागदावर उतरवून घेतले, तर किती उत्तरं बरोबर त्याचे गुण शनिवारपासून जिथल्या तिथे. तोवर मी सगळा दोष लाइटला देत होतो.

पप्पा महाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे पार्ट काढतात, त्यामुळे गुरुवारी घरीच.

"तुझ्या मशीनलाबी आज सुट्टी का?" त्यांनी विचारलं.

"ते चालू असतानाही काही करत नव्हतं, पप्पा."

"मंग त्याचा पगार काप," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी दाराशी उजेडात कागद घेऊन बसलो. एकूण गुण बघायचे सोडून, उत्तराच्या आठ बिटांपैकी कुठला किती बरोबर येतोय ते वेगवेगळं मांडलं. कडेचे बिट जमले होते. मधले अडले होते, आणि त्यांना सुधारणारा बदल कडेचं काहीतरी बिघडवायचा, म्हणून फेकला जायचा. मग ठरवलं, प्रत्येक बिट वेगळा वाढवायचा आणि जमला की त्याला हात लावायचा नाही. मधले दोन तरीही हटून बसले, तेव्हा त्यांचेही दोन भाग केले: इनपुटची एखादी तार शून्य असताना वेगळं सर्किट, तीच तार एक असताना वेगळं, आणि त्यांतलं एक निवडायला वर छोटा जोड. प्रत्येक तुकडा आता बुधवारच्या आत संपण्याएवढा लहान होता.

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी सगळ्या जोड्यांची उत्तरं बरोबर आली. जोडीदाराने ती दोनदा तपासली. त्याचा विश्वास बसत नव्हता, माझाही नव्हता.

मॅमनी आकृती बराच वेळ पाहिली. "गेट्स पुस्तकातल्या सर्किटपेक्षा जास्त आहेत."

"हो मॅम."

"आणि हे आपोआप घडलं म्हणायचं, की तू जोडलंस?"

या प्रश्नाची मला भीतीच होती. 'आपोआप' म्हटलं असतं तर कदाचित खपून गेलं असतं. मी म्हणालो, "तुकडे त्याने बनवले, मॅम. कुठे तोडायचं ते मी ठरवलं."

जोडीदाराने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"मग विषयाच्या नावात तसं लिही," मॅम म्हणाल्या. "विषय राहू दे. पण पुढे काय?"

"कुठे तोडायचं तेही त्यालाच शोधायला लावतो," मी बोलून बसलो. कसं ते मला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर जोडीदाराने 'पण कसं?' हेच विचारलं, आणि आम्ही पुन्हा लॅबकडे वळलो.